हिरवं पेट्रोल

आमच्या घरात देवावर सगळ्यांचा विश्वास होता, बाकी कुणाचा कुणावर नव्हता. हे मी थट्टेनं म्हणत नाही. आई दूधवाल्याचं दूध आधी नखावर घेऊन बघायची, मग हुंगायची, आणि मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायची. माझे वडील, आप्पा, सरकारी कचेरीत दप्तर सांभाळत. लोकांच्या खोट्या सह्या आणि खाडाखोड पकडण्यात सगळी नोकरी गेल्यामुळे त्यांची नजरच तशी झाली होती. रिक्षावाल्याला ते 'अहो' म्हणत आणि त्याच दमात त्याच्या मीटरवर वाकत. आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊकाका, एका कॉलेजच्या रसायनशाळेत साहाय्यक होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं, कारण दाखवलेल्या प्रत्येक मुलीच्या घरचे काहीतरी लपवताहेत असं त्यांना वाटायचं. "लपवत असतीलही," आई म्हणायची, "आपण तरी कुठे सगळं सांगत होतो?" कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. दाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली आप्पांकडे, दुसऱ्याची भाऊकाकांकडे. आम्ही सगळे बाहेर गेलेलो असलो, की जो आधी परतेल त्यानं दुसऱ्याची वाट बघत जिन्यावर बसायचं.

अशा घराची एक होडी होती. पेठेत राहणाऱ्यांना होडी कशाला लागते, असं कॉलेजात मला मैत्रिणी विचारायच्या, आणि खोटं सांगते असंही समजायच्या. आप्पांचं गाव धरणात गेलं होतं. घर गेलं, चावडी गेली, पण डोंगराच्या अंगाची भाताची चार खाचरं, सहा आंबे आणि देवीचं ठाणं पाण्याच्या वर राहिलं. अडचण एवढीच, की सडक पाण्याच्या अलीकडे आणि आमची जमीन पलीकडे. वळसा घालून चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. आजोबांनी म्हणून होडी करून घेतली आणि मरेपर्यंत वल्हवली. आप्पांच्या खांद्यात तो जोर नव्हता, त्यांनी एका हौशी गृहस्थाकडून मागच्या फळीला लावायची जुनी मोटार घेतली. परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि ती पिशवी आप्पांच्या काखेत, असे आम्ही दर रविवारी निघायचो. आई-आप्पा पहिल्या बसनं, आणि भाऊकाकांच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पेट्रोलचा पत्र्याचा डबा घेऊन. वारजं मागे पडलं की दोन्ही बाजूंना शेतं लागायची, हवा बदलायची. आता त्याच वारज्यात माझी भाची बाराव्या मजल्यावर राहते आणि तिच्या खिडकीतून समोरच्यांचा बारावा मजला दिसतो.

डब्याची मानकरी मी. घरून स्कूटरपर्यंत आणि सडकेवरून खाली काठापर्यंत तो मीच न्यायचा, कारण आप्पांची पाठ धरलेली असायची आणि भाऊकाकांच्या हातात त्यांची काचेची नळी. ही नळी म्हणजे रसायनशाळेतलं मोजायचं भांडं, फुटलं म्हणून काढून टाकलेलं, पण तळाला फक्त एक टवका गेलेला. आमची मोटार टू-स्ट्रोक होती. हल्लीच्या मुलांना हे सांगायला लागतं, आमच्या वेळी ज्याच्या घरी स्कूटर त्याला ठाऊक असायचं, की असल्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलातच बेतानं ऑइल मिसळायचं. कमी पडलं तर इंजिन आतून घासून जाम होतं, जास्त झालं तर धूर ओकतं. भाऊकाका काठावर उकिडवे बसायचे, नळी डोळ्यांसमोर धरून ऑइल मोजायचे, होडीतल्या टाकीत ओतायचे, वरून मी डबा ओतायचा आणि मग टाकी हलवायची. ऑइल हिरवंगार असायचं, शेवाळाच्या रंगाचं. मोजताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

सुरुवातीच्या काळात एकदा ती मोटार भर पाण्यात जाम झाली. ऑइल पडलंच नव्हतं. भाऊकाकांचं म्हणणं, की मी टाकलं, डबाच दादानं भलत्या पंपावरून आणला. आप्पांचं म्हणणं, की भाऊ विसरला. दोघं वल्ही मारत काठाला आले, आणि त्या दिवसापासून दोघांच्याही मनात किडा शिरला. त्यानंतर एका शनिवारी आई देवळात गेलेली असताना मी गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मागे अभ्यास करत बसले होते. आप्पा पाय न वाजवता आले. त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, डब्याचं बूच उघडलं आणि बाटलीतलं हिरवं ऑइल डब्यात ओतलं. थोडं थांबले, आणखी थोडं ओतलं. मग रुमालानं बूच पुसून गेले. पुढच्या शनिवारीही तेच. आणि रविवारी काठावर नीट पाहिलं, तर भाऊकाकाही मोजून झालं की नळी पुन्हा एकदा निम्मी भरायचे आणि पटकन ओतायचे. मोजलेलं जगाला दाखवायला आणि वरचं मनाच्या समाधानाला. मला त्याचं हसू यायचं. घरात कुणाचं गुपित हाती लागलं की ते जपून ठेवायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

होडी सांभाळायला पलीकडच्या वाडीतला सखाराम होता. पन्नाशीचा, उंच, सावळा, बोलायला कमी. आठवडाभर होडी तो बघायचा, खाचरांकडे लक्ष ठेवायचा, आणि त्या बदल्यात सकाळी त्याच्या दोन म्हशींचं दूध आमच्या होडीतून अलीकडे सडकेवर आणायचा. तसं ठरलेलंच होतं. त्या वाडीला तेव्हा वीज नव्हती. रविवारी आम्ही पोचलो की त्याची बायको तांदळाच्या भाकरी आणि करवंदाचं लोणचं पाठवायची, आई आपल्या दशम्या नि लसणाची चटणी तिला द्यायची. आंब्याखाली बसून जेवताना आप्पा भाकरी मोडत हमखास म्हणायचे, की मागच्या रविवारी टाकीत चार बोटं पेट्रोल होतं, आज तीन दिसतंय. दूध न्यायला पेट्रोल लागणारच हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चौथं बोट गेलं कुठे, हा विचार त्यांना भाकरीबरोबर लागायचा.

मग धूर सुरू झाला. साधा नाही, निळा, जाड, नाकात घुसणारा. दोरी ओढून ओढून भाऊकाकांचे हात गळायचे तेव्हा कुठे मोटार खोकत सुरू व्हायची. प्लग काढला की ओला आणि काळा. पाण्यावर मागे तेलाचा रंगीत तवंग पसरत जायचा. त्याच सुमारास मी कॉलेजातल्या पाच जणींना मोठ्या हौसेनं घेऊन गेले. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता ना, म्हणून होडी दाखवायलाच नेल्या. मध्यावर धुरानं एकीला उलटी झाली. बाकीच्या ओढण्या नाकाला लावून बसल्या, आणि परत येताना एक म्हणाली, "तुमची होडी आहे का स्टोव्ह गं?" आठवडाभर वर्गात मला 'स्टोव्ह' म्हणत होत्या. आज हसू येतं, पण तेव्हा मी गॅलरीत बसून रडले होते आणि मनाशी ठरवलं होतं, की ही मोटार आपल्या घरातून जायलाच हवी.

सखाराम तेव्हाच म्हणाला होता, "सायेब, त्येल लई हुतंय बगा." आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा बोलला नाही. ऑइल मोजणारे भाऊकाका, त्यांना चुकीचं ठरवणारा हा कोण? आणि आप्पांना स्वतःची बाटली आठवली नसेल असं नाही, पण ती त्यांच्या लेखी चमचाभर काळजी होती. तुपानं कुणी मेलंय का, असा त्यांचा हिशेब. भाऊकाका प्लग कागदात गुंडाळून नाना पेठेतल्या एका दुकानदाराकडे घेऊन गेले. त्यानं तो उलटासुलटा करून सांगितलं, की एकतर ऑइल जास्त पडतंय, नाहीतर पेट्रोलात रॉकेल आहे, आणि काही असलं तरी मोटार आता म्हातारी झालीय, बदला. घरी येईपर्यंत यातला पहिला भाग गळून गेला होता. उरलं फक्त रॉकेल.

तो दुकानदार होडीच्या दोन प्रकारच्या मोटारी विकायचा. पुढच्या शनिवारी आम्ही चौघं तिथे गेलो, म्हणजे आईसुद्धा. आप्पांचा नियम होता, की मोठ्या खरेदीला घरातले सगळे डोळे बरोबर असावेत. लाकडी घोड्यांवर दोन मोटारी शेजारी शेजारी टांगलेल्या. एक आमच्यासारखीच टू-स्ट्रोक, नवी कोरी, इतकी हलकी की भाऊकाकांनी एकट्यानं उचलून बघितली. दुसरी फोर-स्ट्रोक, अंगानं जाड, दोघांना उचलावी लागणारी. तिच्या पोटात ऑइलची वेगळी जागा. पेट्रोल नुसतं, कोरडं, त्यात काहीही मिसळायचं नाही. दुकानदारानं मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाला आधी टू-स्ट्रोक लावून चालवली आणि शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मग फोर-स्ट्रोक लावली. ती चालू झाली हे मला पाणी हललं तेव्हा कळलं. धूर नाही, वास नाही, आवाज शिवणयंत्राएवढा. मी तर तिथेच तिच्यावर जीव टाकला. आप्पा कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "आवाज नाही, म्हणजे काहीतरी लपवतेय."

यात त्यांची चूक नव्हती. आमच्या घराखाली दिवसभर तांब्याच्या हंड्यांना ठोके पडायचे. ते पडत असले की सगळं ठीक, थांबले की कुणीतरी गेलं किंवा संप झाला, हे आम्हाला न सांगता कळायचं. आवाज करणारी वस्तू प्रामाणिक, असा आमच्या आळीचा अनुभव. भाऊकाकांचा कौल उघड टू-स्ट्रोकला होता. हलकी, थोडे भाग, बिघडली तर कुठलाही स्कूटरवाला मेस्त्री एका पान्यानं उघडेल. फोर-स्ट्रोकच्या आत झडपा, साखळ्या, काय काय, आणि ती आडवी ठेवायची तरी ठरलेल्या कुशीवरच, नाहीतर पोटातलं ऑइल भलतीकडे जातं. "ही काय मोटार आहे का बाळंतीण?" असं ते म्हणाले. खरं दुःख वेगळं होतं. पेट्रोलात ऑइल नाही म्हणजे त्यांची नळी नाही. रविवारी काठावर सगळ्यांना गप्प बसवायचा तेवढाच एक अधिकार त्यांना आयुष्यात मिळाला होता.

आई इतका वेळ पिंपातल्या पाण्याकडे बघत होती. टू-स्ट्रोकनं त्यावर रंगीत तवंग सोडला होता. ती म्हणाली, की धरणाचं पाणी कुठे जातं? आपल्याच नळाला ना? मग आपण रविवारी घाण सोडतो आणि सोमवारी पितो, असंच ना? हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुकानदार हसला, पण आई हसली नाही. त्या दिवसापासून तिनं नळाला चौपदरी फडकं बांधलं, ते शेवटपर्यंत. घरी आल्यावर आठवडाभर खल चालला. भाऊकाका टू-स्ट्रोक, आई आणि मी फोर-स्ट्रोक, आणि आप्पा दोन्हींच्या विरोधात. शेवटी शनिवारी पिठलं-भात जेवता जेवता ते थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो कचेरीतला भाव आला, खोटी सही सापडल्यावरचा. ते म्हणाले, "टू-स्ट्रोक म्हणजे मिसळणं आलं. मिसळणं आलं, की भेसळीला वाव आला. फोर-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल. त्यात कुणी रॉकेल घातलं तर लगेच कळेल. आणि हा सखाराम आता नको."

माझा घास हातातच राहिला. फोर-स्ट्रोक जिंकली होती, पण सखारामच्या नावावर. हा धूर रॉकेलचा नव्हे, तुमच्या दोघांच्या ऑइलचा, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते बोलले असते तर काय झालं असतं, तेही मला दिसत होतं. भाऊकाका म्हणाले असते, की मग मोटारीचा दोष नाहीच, नवी टू-स्ट्रोकच आणू, आणि मी मोजेन तेवढंच पडेल. आणि मी पुन्हा स्टोव्ह. शिवाय मनात दुसराही एक आवाज होता, आमच्या घराचाच, की सखाराम थोडं पेट्रोल काढतच असेल, अगदीच निर्दोष असतो का कुणी? मी भात कालवला आणि खाल्ला. तेव्हाही मला कळत होतं, की मी करतेय ते वाईट आहे. वय लहान होतं म्हणून समजलं नाही, ही सबब माझ्यापाशी नाही, मी चांगली एकोणीस वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी काठावर सखाराम नेहमीसारखा होडी धरून उभा होता. आप्पांनी त्याला 'अहो सखाराम' अशीच हाक मारली. शांतपणे सांगितलं, की पेट्रोलात रॉकेल मिसळलं जातंय अशी आमची खात्री झालीय, आठवडाभर होडी तुमच्याकडे असते, दूध तुमचं जातं, तेव्हा दुसऱ्या कुणाचं हे काम असणार नाही. उद्यापासून होडीच्या साखळीची किल्ली आमच्याकडे राहील. सखारामला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यानं होडीचा दोर खाली ठेवला.

"सायेब, माझ्या घरात दिव्याला रॉकेल पुरंना," तो म्हणाला, "तुमच्या इंजनात कुठनं वतू?"

सखाराम पुढे म्हणाला, की डबा पुण्यावरनं येतो तवाच हिरवा असतोय, काकांचं ऑइल लागायच्या आधीच, डब्याची धार मी बघितलीय. भाऊकाका उसळले. पेट्रोलला रंग असतोच, मला रसायन शिकवू नका, असं काहीतरी म्हणाले. आप्पांचा हात खिशापाशी गेला, तिथेच राहिला, आणि ते डोंगराकडे बघायला लागले. मग सखाराम माझ्याकडे वळला. मी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होते.

"शालूताई, डबा तर तुमीच आणता. तुमी सांगा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाण्यावर एक खंड्या बसला होता, तो मला अजून दिसतो.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी फक्त उचलते."

सखारामनं मान हलवली, जणू पटलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती, ती सोडून त्यानं आप्पांच्या हातात दिली. त्यानं विचारलं ते एवढंच, की आज पलीकडे सोडाल का, का वळशानं जाऊ? आम्ही त्याला सोडलं. धुरातून. त्या दिवशी भाकरी आल्या नाहीत, आणि आईनं दशम्यांचा डबा न उघडताच परत आणला.

फोर-स्ट्रोक आली. टेम्पोतून, ठरलेल्या कुशीवर झोपवून, आई तिच्या शेजारी बसून. दुकानदारानं होडीची मागची फळी जाड करून दिली, स्वतः काठावर येऊन मोटार बसवली आणि तीनदा बजावलं, की पेट्रोलात काहीही घालायचं नाही. आप्पा आणि भाऊकाका दोघांनीही माना डोलावल्या. सखाराम नव्हता, म्हणून भाऊकाका स्वतः चालवायला बसले आणि पहिल्याच फेरीत बुडालेल्या चिंचेच्या खोडाला होडी घासली. पण मोटार सुरेख चालली. धूर नाही. आईनं पाण्यात हात घालून वास घेतला. मी पुढे बसले होते, केस मोकळे सोडून, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पलीकडच्या काठावरच्या पायवाटेनं एक माणूस दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन वळशाच्या रस्त्याला लागलेला दिसला. इतक्या लांबून तो सखारामच कशावरून, असं मी मनाशी म्हटलं. आप्पाही तिकडेच बघत होते. त्यांनीही तेच म्हटलं असावं.

दीड-दोन महिने गेले असतील, आणि एका रविवारी मधल्या पाण्यात त्या नव्या मोटारीनं खोकायला सुरुवात केली. मग धूर. तोच निळा, तोच वास. भाऊकाका दोरी ओढून दमले, आम्ही वल्ह्यांनी काठाला आलो, आणि आप्पा तावातावानं सडकेवरच्या टपरीतून दुकानदाराला फोन करून आले. फसवलंत, जुनी मोटार रंगवून दिलीत, असं बरंच सुनावलं त्यांनी. तो दुपारी स्कूटरवर आला. त्यानं प्लग काढला. ओला, काळा. मग चहाच्या टपरीवरून काचेचा पेला आणवला, टाकीतलं पेट्रोल त्यात घेतलं आणि उन्हात धरलं. पेला हिरवागार दिसत होता.

"ह्यात ऑइल कुणी घातलं?" त्यानं विचारलं.

सखाराम दोन महिने त्या काठाला फिरकला नव्हता. आता आळ घ्यायला माणूसच शिल्लक नव्हता. आईनं आधी आप्पांकडे पाहिलं, मग भाऊकाकांकडे. तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण संसार केलेल्या बाईला पुरावा लागत नाही. आप्पांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि दगडावर ठेवली. म्हणाले, थोडंसंच घालत होतो, अजिबात ऑइल नको म्हणजे काहीतरी मेख असणार असं वाटलं. भाऊकाकांनी पिशवीतून ती टवका गेलेली नळी काढली आणि बाटलीशेजारी ठेवली. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. "तू पण?" आप्पा म्हणाले. "जुन्या मोटारीतही?" भाऊकाकांनी मान हलवली. मग आप्पा दगडावर बसले. माझ्या वडिलांना मी कधी रडताना पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ नुसता पुसत राहिले. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मलाही माहीत होतं, असं. मी बोलले नाही, कुणी विचारलं नाही.

दुकानदारानं टाकी धुऊन दिली, नवं पेट्रोल घातलं, आणि आम्ही तसेच पलीकडे गेलो. आप्पा म्हणाले, आत्ताच जायचं, पुढच्या रविवारवर टाकायचं नाही. सखाराम अंगणात दावं वळत बसला होता. त्यानं उठून घोंगडं अंथरलं. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, की ऑइल मी घालत होतो, भाऊही घालत होता, दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, आणि आळ तुमच्यावर घेतला, आमचं चुकलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खूण करणारा माणूस, पण त्यानं एक शब्द गिळला नाही. भाऊकाकांनी हात जोडले. सखारामची बायको दारात उभी होती, ती आत गेली आणि कोरा चहा घेऊन आली. मी आईच्या मागे उभी राहून पेला घेतला. चहा गुळाचा होता, कडक, मी तो तसाच खाली ठेवला.

आप्पांनी किल्ली पुढे केली. होडी पुन्हा सांभाळाल का, दूध तुमचं पहिल्यासारखंच जाईल, असं विचारलं. सखारामनं लगेच घेतली नाही. दावं वळून पुरं केलं, गाठ मारली, खुंटीला अडकवलं.

"होडी बगीन म्या," तो म्हणाला. "मोटार बी बगीन. पर एक हाय. डबा ह्या पोरीनं आणायचा न्हाई."

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आप्पा घाईघाईनं म्हणाले, बरोबर आहे, एवढं ओझं पोरीनं कशाला उचलायचं, आमच्या लक्षातच आलं नाही. भाऊकाका म्हणाले, यापुढे मी आणत जाईन. परतताना मोटार अगदी शिवणयंत्रासारखी चालली होती, त्यामुळे आईचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "बघा," ती म्हणत होती, "आपण त्याला चोर ठरवलं, आणि त्याला आपल्या शालूच्या पाठीची काळजी." आप्पांनी मान डोलावली, भाऊकाकांनीही. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला कसलाही संशय आला नाही.